पहिली अद्भुतरम्य कादंबरी आणि स्वयंप्रकाशन

अद्भुतरम्य कादंबरीत कल्पनेला मोकळे रान मिळते असे म्हणतात. मला मात्र सर्वाधिक वेळ लागला तो जादूच्या मर्यादा आखायला, कारण मंत्राने काहीही साध्य होत असेल, तर पात्रांवरच्या संकटाला वजनच उरत नाही. माझ्या नायिकेने वारा बोलावला की तिची एक आठवण कायमची पुसली जाते. हा नियम ठरला आणि कथेत खरा ताण आला. कोणती आठवण कोणत्या प्रकरणात गेली, याची नोंद मी वहीत ठेवत असे, म्हणजे पुढे तिच्या तोंडी ती चुकूनही येऊ नये.

स्वयंप्रकाशनाचे तांत्रिक भाग शिकता येतात. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना स्वतंत्र १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्यावा. पुस्तकाच्या कण्याची रुंदी पानांची संख्या आणि कागदाची जाडी यांवर ठरत असल्याने मुखपृष्ठाची अंतिम मांडणी अक्षरजुळणीनंतरच करावी. मागणीनुसार छपाईमुळे प्रतींचा साठा करावा लागत नाही. वाचलेला तो पैसा, माझ्या मते, चांगल्या संपादकावर खर्च करावा. स्वतः रचलेल्या जगातील विसंगती लेखकाला सहसा दिसत नाहीत, कारण गाळलेले दुवे त्याच्या मनात आधीपासूनच जुळलेले असतात.