खिशाला हात न लावता

"एवढं बहुमत घेऊन हे घाबरतात तरी कुणाला?"

इंग्लंडमधल्या लेस्टरमधले आमचे शेजारी आजोबा, निवृत्त बसड्रायव्हर, जन्मभराचे लेबर पार्टीवाले. कचऱ्याचा डबा ढकलता ढकलता बोलून गेले. दिवसभर तेच डोक्यात.

२०२४ च्या निवडणुकीत लेबरला ४११ जागा, सरकार त्यांचंच. इन्कम टॅक्सचा दर वाढवणार नाही म्हणाले, पगारावरचा तरी वाढवला नाहीच. फक्त करमुक्त मर्यादा १२,५७० पौंडांवर गोठवलेली होती, ती लेबरच्या अर्थमंत्री रीव्ह्जबाईंनी २०३१ पर्यंत तशीच ठेवली. पगार वाढला की कर आपसूक जास्त! पेन्शनरांचा हिवाळी भत्ता आधी काढला, ओरड झाल्यावर बहुतेकांना परत दिला. (आजोबांचा राग मुळात तिथला.)

मीही इथला मतदार, भारतीय पासपोर्टवर. कर वाढवायचाच होता तर तोंडावर सांगून वाढवायचा ना? मी तरी कुरकुरलो नसतो.