कंबरदुखीवर ओपिऑइड: मला बसेल असं औषध ठरताना

जळगावच्या पेन क्लिनिकमध्ये माझ्या जुन्या कंबरदुखीवर ट्रामाडॉल या ओपिऑइडचा, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामकाचा, विषय निघाला तो व्यायाम, फिजिओथेरपी आणि साध्या गोळ्यांनी भागेना तेव्हाच. मात्रेआधी काम ठरलं: ओट्याशी अर्धा तास उभं राहून कळण्याच्या भाकरी थापता याव्यात. आठवड्यातलं दुखणं, हिरावलेला आनंद आणि अडलेली कामं, या तिन्हींना ० ते १० गुण द्यायचे. सरासरी ३० टक्क्यांनी तरी उतरली नाही, तर औषध पुढे न्यायचं नाही. हे आधीच बोलून घ्यावं, कारण वर्षानुवर्षं घेऊन फायदा टिकतो याला भक्कम पुरावा नाही.

मग तपासलं, विचारलं ते क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी), फिट येण्याचा इतिहास, घोरणं, दारू, झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळीसोबत ओपिऑइड घेतलं तर श्वास मंदावू शकतो. किडनीचं काम फार घटलं असेल तर ट्रामाडॉल १२ तासांनी आणि दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंतच. एरवी कमाल ४००. सुरुवात रात्री ५० मिलिग्रॅमने झाली. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून बिसाकोडिल हे रेचक. नुसत्या इसबगोलावर राहू नये. पाणी कमी पडलं तर ते उलट अडतं.

आराम पडेना, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा न वाढवता माझ्या सगळ्या चिठ्ठ्या मागितल्या. एका चिठ्ठीवर पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध होतं. ट्रामाडॉलचा वेदना मारणारा मुख्य अंश यकृतात सीवायपी२डी६ हे एन्झाइम बनवतं आणि पॅरोक्सेटिन नेमकं तेच दाबतं. शिवाय दोन्ही मिळून सेरोटोनिन वाढण्याचा, फिट येण्याचा धोका. काहींचं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, काहींचं अतिवेगवान. अतिवेगवान असलेल्यांना थोडी मात्राही जड जाते.

म्हणून ट्रामाडॉल थांबवून ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या ओपिऑइडचा त्वचेवर चिकटवायचा सात दिवसांचा पॅच आला, तासाला ५ मायक्रोग्रॅमचा. कोरड्या दंडावर, पाठीवर वरच्या बाजूला लावायचा. तीच जागा तीन आठवडे नाही. असर स्थिरावायला तीन दिवस लागतात, त्याआत मात्रा वाढवू नये. खानदेशातल्या मे महिन्यात सर्वांत जपायचं ते इथे: उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. पॅचवर शेकाची पिशवी नको, भर उन्हात काम नको, ताप आला तर डॉक्टरांना फोन. फार गुंगी आली, श्वास मंदावला, तर पॅच काढून थेट दवाखान्यात. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, तो चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

बंद करायचं तर एकदम नाही. वर्षाहून जास्त घेतलं असेल, तर महिन्याला साधारण १० टक्के कमी करतात. घाम, जुलाब, बेचैनी वाढली तर त्याच टप्प्यावर थांबून मग पुढे.