तार शाबूत, सांधा जळलेला : आमच्या घराचं फिटिंग बदलताना

नाशिकच्या पंचवटीतलं आमचं घर वडिलांनी १९७८ साली बांधलं. तेव्हा तांबं परवडत नसे, म्हणून कितीतरी घरांत ॲल्युमिनियमच्या तारेचं फिटिंग होई. आमच्याकडेही तेच, लाकडी पट्टीवर क्लिपा मारलेलं.

गेल्या डिसेंबरात आईने गीझर लावला आणि थोड्या वेळात घरभर मासळी करपल्यासारखा वास सुटला. आम्ही शाकाहारी. वासाच्या मागोमाग गेले तर प्लगचा बोर्ड हात लावू देईना.

वायरमन काकांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. पितळी स्क्रूखाली तार चपटी झालेली, तिच्यावर करडी पांढरी पूड, सॉकेटची एक बाजू कोळसा. स्क्रू तर नुसत्या बोटाने फिरत होता. आणि वीतभर मागे तीच तार चकचकीत!

"ताई, तार नाही जळत, सांधा जळतो," काका म्हणाले. ॲल्युमिनियम मऊ. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं आणि पकड सुटते. गरम झालं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की आकसतं. शिवाय हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि त्यातून वीज जात नाही. दोन हजार वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो.

मी म्हटलं, गीझरपुरती तांब्याची तार ओढा आणि जुन्या तारेला पीळ मारून जोडा. काकांनी साफ नकार दिला. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले आणि वर न्हाणीघराची ओल लागली, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सगळं घर बदलायचं ठरलं.

पण मला एक कोडं पडलं होतं. खांबावरून मीटरला येणारी केबल ॲल्युमिनियमचीच, मग ती कशी चालते? काकांनी ते छान उलगडलं. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के, पण वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे तार जाड घेतली तरी तेवढ्याच कामाला निम्म्या वजनात भागतं. खांबांमध्ये तार लोंबकळायची असेल तर हाच हिशेब मोलाचा, आणि लांब पल्ल्याच्या तारांना ताण सोसायला मधोमध पोलादही असतं. तिथले सांधे लग, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची टोपी, घालून यंत्राने दाबलेले असतात. घरात मात्र पंचवीस-तीस बोर्ड, प्रत्येकात बारीक बारीक स्क्रू. तिथे तांबंच हवं.

खरेदीला आईला घेऊन रविवार कारंज्याकडे गेले. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर जाडीची, प्लगला अडीचची, गीझरला चारची तार अशी यादी होती. एका दुकानात अडीचचं ९० मीटरचं बंडल जवळजवळ निम्म्या भावात पुढे आलं. "प्युअर कॉपर आहे मॅडम." आईने भांडी बाजारात हंडा तोलून बघावा तसं ते हातात घेतलं आणि म्हणाली, "हलकं आहे गं." एवढ्या तारेत नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास भरायला हवं. मी एक धागा ब्लेडने खरवडला. वरून लालसर, आत पांढरा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. जे काढून टाकायला निघालो, तेच तांब्याच्या नावाने परत घरात आलं असतं! मला आजही त्याची चीड येते. आयएसआय मार्क बघून, बिल घेऊन दुसरीकडून माल घेतला.

काम सहा दिवस चाललं. तारांसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्यांची धूळ अजून कपाटांत सापडते. अर्थिंग नव्याने केलं, वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच बसवला.

आता आईची अंघोळ झाली की मी प्लगवर तळहात ठेवून बघते. गार असतो. शेजारच्या काकूंचं घर आमच्याच वर्षीचं, त्यांचा गीझरही जुन्याच तारेवर आहे. रविवारी वायरमन काका त्यांचा बोर्ड उघडणार आहेत, तोवर मी त्यांना गीझर लावू दिलेला नाही. पाणी गॅसवर तापतंय.