निफाडची पहाट आणि बांधावरच्या साड्या

तीन दिवसांत साधारण दीडशे किलोमीटर सायकल चालवली, पण लिहायला बसलोय ते त्यातल्या दीड-दोन तासांबद्दल. बाकीचं आधी उरकून घेतो.

माझा मेहुणा नाशिकला असतो. नाशिककरांना सायकलचं वेड आहे हे ऐकून होतो. २०१५ मध्ये महाजन बंधू या दोन डॉक्टर भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत जोडीने पूर्ण केली, त्यानंतर सायकल घेणाऱ्यांत आमचा मेहुणाही होता. आता त्याच्याकडे दोन ग्रॅव्हल सायकली आहेत. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, वाकड्या हँडलची, पण टायर चांगला ४० मिलिमीटर रुंद आणि हवा बेताची. मुरूम, खडी, शेतातली गाडीवाट, सगळ्यावरून ती शांतपणे जाते. “दाजी, यंदा तुम्हाला डांबर लागूच देत नाही,” म्हणाला. जानेवारीचा पहिला आठवडा ठरला.

पहिल्या दिवशी गंगापूर धरण, गिरणारे, दिंडोरी. गिरणाऱ्याच्या चौकात सकाळी मजुरांचा बाजार भरलेला होता. पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेली माणसं हातात डब्याची पिशवी घेऊन उभी होती आणि बागायतदार पिकअप घेऊन त्यांना न्यायला आले होते. धरणाच्या बाजूचा शनिवार मात्र मला अजिबात आवडला नाही. वाइन प्यायला आलेल्या गाड्यांची रांग, उघड्या खिडक्यांतून स्पीकर, आणि अरुंद रस्त्यावर सायकलवाल्याला कुणी वीतभर जागा देईना. रस्त्याला लागूनच तारांवर चढवलेले वेल होते. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बियांचा, खायच्या द्राक्षाहून अगदी वेगळा. हाताच्या अंतरावर होता तो. तिकडे मान वळवून बघणारा एक माणूस मला दिसला नाही. संध्याकाळपर्यंत माझी चिडचिड गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पाटावर गेली. दिंडोरीहून कादवेच्या बाजूने पालखेडला उतरलो आणि कालव्याचा भराव धरला. या वाटेसारखी वाट मी दुसरीकडे चालवलेली नाही. भराव उंच असतो, त्यामुळे एका हाताला संथ वाहणारं पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली पसरलेल्या बागा. आपण बागेच्या छतावरून चाललोय असं वाटतं. टायरखाली मुरूम करकरतो, तेवढाच आवाज. मध्येच बाभळीची सावली, धुणं धुणाऱ्या बायका, चारीचं दार उघडून पाण्याची वाट बघत उकिडवा बसलेला माणूस. अंधार पडताना निफाडला पोचलो. लॉजवर गरम पाणी नव्हतं, पांघरूण पातळ होतं, आणि तरी मी खूश होतो. निफाडची थंडी महाराष्ट्रात गाजलेली. ती अंगावर घ्यायलाच आलो होतो. पहाटे अंधारात निघायचं, गोदाकाठाला लागायचं आणि सूर्य उगवायच्या आत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला पोचायचं असा बेत होता.

पाच वाजता निघालो तेव्हा मोबाइल ६ अंश दाखवत होता. चार-पाच किलोमीटर गेलो असू, मागच्या चाकातून फुस्स आवाज आला. बाभळीचा काटा, बोटाच्या पेरापेक्षा लांब. ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवणारं द्रव असतं, पण भोक मोठं होतं आणि ते द्रव सगळं बाहेर येऊन मुरमावर सांडलं. आत ट्यूब घालायची म्हणजे टायर रिमवरून उतरवायला हवा, आणि तो जागचा हलेना. रबर गारठून लाकडासारखं झालं होतं. आमची बोटं त्याहून वाईट.

“कोण आहे तिकडं? बॅटरी खाली करा आधी!”

बागेच्या बांधावरून आवाज आला, पाठोपाठ डोळ्यांवर झोत. साठीच्या एक मावशी. डोक्याला मफलर गुंडाळलेला, नऊवारीवर पुरुषाचा स्वेटर, हातात काठी.

“केबल चोरायला आले का रे?”

मेहुण्याने दोन्ही हात वर केले. “नाही मावशी, सायकलवाले आहोत. पंक्चर झाली.”

त्या जवळ आल्या, सायकलीवर झोत फिरवला, मग आमच्या तोंडांवर. “या वेळेला? उसात बिबट्या बसतो, कोणी सांगितलं नाही तुम्हाला?” आणि लगेच, “या इकडं शेकोटीशी. हात बघा कसे झाले.”

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. सगळ्या बागेत शेकोट्या होत्या. दर काही ओळींनंतर एक ढीग, ज्वाळा नाहीच, नुसता लाल निखारा आणि वेलांच्या छताखाली अडकून राहिलेला दाट धूर. पलीकडच्या बागेत तसंच, त्याच्या पलीकडेही. अख्खं शिवार जागं होतं.

मावशींनी टायरला हात लावून बघितला आणि शेकोटीवरच्या पातेल्यातलं कढत पाणी तांब्याने रिमच्या कडेने ओतलं. “ठिबकची नळी अशीच करते थंडीत. गरम पाण्यात धरल्याशिवाय जॉइनर बसत नाही. रबराचंही तेच.” दोन तांबे पाणी, आणि टायर अंगठ्याने सुटला.

ट्यूब घालून हवा भरेपर्यंत त्यांचा मुलगा आला. तो रात्री दोनपासून पायावर होता. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीचीच होती, दोनला आली की मोटार चालू करायची. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, ते ठिबकने मुळाशी गेलं की जमिनीचा गारठा जरा कमी होतो. वरून धूर. अडीच एकराला चाळीस शेकोट्या. छाटणीची वाळलेली काडी, तुरीच्या तुऱ्हाट्या, वर थोडा ओला पालापाचोळा, म्हणजे पेट न घेता धुमसत राहतं.

“मण्यात पाणी उतरलंय आता,” मावशी म्हणाल्या. “ह्याच वेळेला पारा उतरला की साल आवळते. ऊन पडलं की तडकतो मणी.”

त्यांनी मला ओळीत नेलं. प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता. रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांच्या फरकाने मणी गुलाबी पडतात, ते होऊ नये म्हणून. एक कागद त्यांनी सोडला. आतला घड बॅटरीच्या उजेडात हिरवट काचेसारखा दिसत होता. त्यात एका मण्यावर, देठाजवळ, नखाने ओढल्यासारखी बारीक चीर. रसाचा थेंब तिथेच चिकटून थिजला होता. मावशींनी कमरेची विरळणीची कात्री काढली, शेजारच्या मण्यांना धक्का न लावता तो मणी कापून काढला आणि कागद पुन्हा होता तसा गुंडाळला. एका मण्याचा रस घडाला लागला की घड कुजतो आणि व्यापारी पेटी उघडून तोच घड आधी वर काढतो. मागच्या हंगामात एकाने माल उचलून पैसे बुडवले होते, तेही त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं.

मला फार अवघडल्यासारखं झालं. संध्याकाळपासून मी पारा किती उतरतोय ते हौसेने बघत होतो. आकडा जितका खाली तितका मला आनंद. घरच्या ग्रुपवर तो फोटोही टाकला होता. त्याच आकड्यासाठी ही मायलेकरं रात्रभर बागेत होती. ऑक्टोबरच्या छाटणीपासून डाऊनी, भुरीसारखे रोग, अवकाळी पाऊस, सगळ्यातून वाचवून इथवर आणलेला माल एका पहाटेत जाऊ शकतो, हे मी वर्षानुवर्षं द्राक्षं खाऊनही कधी मनात आणलं नव्हतं.

“आम्ही काय करू शकतो?” मी विचारलं.

मुलगा म्हणाला, “काही नाही हो, बसा तुम्ही.” मावशींनी मात्र सरळ तुऱ्हाट्यांचा भारा दाखवला. “खालच्या सहा विझत आल्यात.”

त्या सहा आम्ही दोघांनी पेटत्या केल्या. वाकून चालायचं, वर घड लोंबतात त्यांना डोकं लागता कामा नये. फुंकर मारायची, ज्वाळा उठली की ओला पाला टाकून ती दाबायची. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. सहाव्या शेकोटीपाशी मला जमायला लागलं होतं आणि तेवढ्यात पूर्वेला फटफटलं. मग गुळाचा चहा झाला. इतका गोड आणि इतका कढत चहा मी पूर्वी प्यायलो असेन, आठवत मात्र नाही. पैशाचा विषय काढायची हिंमत मेहुण्यालाही झाली नाही.

निघताना उजेडात बांध दिसला. रस्त्याकडेच्या पहिल्या ओळीला बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुन्या साड्या बांधल्या होत्या. जांभळी, मोरपंखी, विटलेली अबोली, एक जरीच्या काठाची. दवाने ओल्या, जड झालेल्या. वाटेवरून गाडी गेली की फुफाटा उडतो आणि दव पडलेल्या घडावर चिकटतो, तो अडवायला. “ती जरीची माझ्या लग्नातली,” मावशी म्हणाल्या. “सायकल जरा हळू न्या तेवढं.”

साड्या संपेपर्यंत आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो.

नांदूर मध्यमेश्वरला उशीर झाला. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्यामागे गाळ साचून झालेली पाणथळ जागा. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक ‘रामसर’ यादीत आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण, २०२० मध्ये जाहीर झालेलं. चक्रवाक भरपूर होते. मनोऱ्यावर पोरं आरडाओरडा करत होती, तरी पक्षी उडाले नाहीत. नंतर सायखेडा, चांदोरी करत गोदाकाठाने नाशिक गाठलं. वाट चांगली होती, ऊसही उंच होता, पण त्या चाळीसेक किलोमीटरमधलं मला फारसं काही सांगता येणार नाही. जॅकेटला धुराचा वास होता आणि मी तोच घेत होतो.

ठाण्याला परत येऊन आठ दिवस झाले. रोज उठल्याबरोबर मोबाइलवर निफाडचं तापमान बघतो. परवा ७ होतं. मेहुण्याला फोन केला, तर त्यानेही आधीच बघितलेलं. आज १२ आहे.