सीमाभागातील ज्येष्ठांनी टिकेल अशा जागी लिहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या परिसरातील मराठी घरांत सत्तरी ओलांडलेल्या अनेकांच्या हाती आता स्मार्टफोन आहे, आणि माझ्या पिढीतील कितीतरी जण त्यावर रोज मनापासून लिहितात. माजी विद्यार्थ्यांचे, निवृत्त कर्मचाऱ्यांचे, भजनी मंडळांचे व्हॉट्सॲप गट त्यांच्या लेखनाने भरून वाहत असतात. हे लेखन मोलाचे आहे आणि ते टिकत नाही, म्हणून ही नोंद.

आमच्या गटात एकाने मिरज-लोंढा मार्गावरील जुन्या मीटरगेज गाडीचा विषय काढला. पुण्याला जायचे तर मिरजेला सामानसुमान उतरवून मोठ्या रुळांच्या गाडीत बसावे लागे, आणि ही यातायात १९९० च्या दशकात आमचा मार्ग रुंद होईपर्यंत चालू होती. त्या एका विषयावरून फलाटावरचे हमाल, मुलांना झोपेतून उठवताना आईची होणारी तारांबळ, शिदोरीतील दशम्या असे कितीतरी निघत गेले. काही दिवसांनी तेच पुन्हा वाचावेसे वाटले, तेव्हा शुभेच्छांच्या चित्रांच्या ढिगात ते शोधणे अवघड झाले होते. गटातील मजकूर गटाबाहेरच्या माणसाला शोधून सापडत नाही, आणि फोन बदलला किंवा जागा करण्यासाठी पुसला की आपल्यालाही तो अनेकदा परत मिळत नाही. ब्लॉगवर लिहिलेले मात्र शोधयंत्राला दिसते, आणि बेळगाव सोडून गेलेल्या एखाद्याच्या नातीला ते पुण्यात किंवा परदेशातही वाचता येते.

सीमाप्रश्नाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. १९४६ मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या गोष्टी वर्तमानपत्रांत आणि ग्रंथालयांत सापडतात. सापडत नाही ते रोजचे जगणे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि लगतचे बेळगाव इंग्रजांच्या अमलाखाली होते; त्या काळात दोन्हीकडे ये-जा करणाऱ्या घरांत काय बोलले जाई, हे आईवडिलांकडून ऐकलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत. शहापूर-वडगावच्या मागांवर कांड्या भरणाऱ्या मुली, खानापूरच्या कौलांच्या भट्ट्या, धूळवाफेवर पेरलेले भात आणि नंतर पावसाची पाहिलेली वाट, निपाणीच्या वखारींतील तंबाखूचा उग्र वास, १९८१ च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसलेली शेतकरी कुटुंबे, यांतील बरेच ज्यांनी पाहिले त्यांच्यापाशीच आहे. घरी विड्या वळून मुलांना शिकवणाऱ्या बायांनी तर स्वतःविषयी कधी काही लिहिलेच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांच्या आठवणींची वाटते.

वय झाले, आता कुठे शिकायचे, असे म्हणणाऱ्यांना मी स्पेनच्या मारिया अमेलिया लोपेस यांच्याविषयी आवर्जून सांगतो. २००६ मध्ये पंचाण्णवाव्या वाढदिवशी नातवाने त्यांना ब्लॉग काढून दिला आणि २००९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी तो चालवला. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिव्ह रायली यांचा जन्म १८९९ चा. त्यांनी ब्लॉग सुरू केला तेव्हा वयाची शंभरी कधीच उलटली होती. दोघींनाही इतरांचे हात मिळाले, आजींनी सांगायचे आणि दुसऱ्याने टंकायचे, अशी ती रीत होती. ओव्या आणि कहाण्या ऐकून वाढलेल्या आपल्या लोकांना ती परकी वाटू नये. फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आता आहे. गावांची नावे आणि बोलीतील क्रियापदे ती चुकवते, पण दुरुस्ती करायला नातवंडाला शेजारी बसवावे. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारे नातवंड त्या निमित्ताने मराठी मजकूर वाचते, हा माझ्या दृष्टीने मोठा लाभ आहे. दुरुस्त करताना आजीची बोली मात्र पुस्तकी करू नये. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, ते तसेच राहू द्यावे.

एकट्याने लिहिण्यापेक्षा समूहात लिहिलेले अधिक फुलते. अमेरिकेतील मराठी माणसांनी १९९६ मध्ये मायबोली हे संकेतस्थळ सुरू केले. अशा ठिकाणी कोणी एक प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नामुळे विसरलेला तपशील आठवतो, कोणी साल दुरुस्त करतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण तेथे स्वतःच्या आठवणी चालत नाहीत, छापील आधार लागतो. ज्यांना संदर्भ शोधण्याची हौस आहे, त्यांनी वाचनालयातील जुनी पुस्तके आणि अंक चाळून आपल्या गावांचे लेख तेथे सुधारावेत. हे काम निवृत्त शिक्षकांइतके नेटके दुसरे कोण करील?

जपायच्या गोष्टी थोड्याच आहेत. जमिनीचे कागद, बँकेचा तपशील, हयात माणसांच्या खाजगी बाबी लिहू नयेत, आणि ओळख वाढवून ओटीपी मागणाऱ्याला उत्तर देऊ नये.

प्रत्येक आठवणीखाली गावाचे नाव, अंदाजे साल, आणि ती स्वतः पाहिलेली की ऐकलेली, एवढे अवश्य लिहावे. ज्यांना टंकन जमत नाही त्यांनी वहीत लिहून पानांचे फोटो मला पाठवावेत. विशेषतः निपाणीकडच्या मावश्यांना माझी ही विनंती आहे. मी ते टंकीन, तुम्हाला वाचून दाखवीन, आणि तुमची संमती मिळाल्यावर तुमच्याच नावाने प्रसिद्ध करीन.