आरिताचं बिननक्षीचं पांढरं

फुकुओका शहरातल्या हाकाता स्टेशनवरून मिदोरी एक्स्प्रेस पकडली की सव्वा-दीड तासात आरिता. जपानच्या क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतातलं हे गाव म्हणजे डोंगरांच्या बेचक्यातला एक लांबच लांब रस्ता आणि दोन्ही अंगांना चिनी मातीची दुकानं. लाल-निळ्या बशा, सोनेरी काठांचे कप यांचा नुसता पूर. मला हवं होतं त्यातलं सगळ्यात गप्प भांडं, बिननक्षीचं पांढरं.

आधी इझुमियामाची खाण पाहिली. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांत जपानात आणलेल्या री साम्पेई या कुंभाराला १६१६ च्या सुमारास इथे पोर्सेलिनचा, म्हणजे या चिनी मातीचा, दगड सापडला, असं मानतात. हो, दगडच! तो कुटून, पाण्यात निथळून त्याची माती करतात. चारशे वर्षं पोखरून डोंगराच्या जागी आता खड्डा उरलाय. हल्लीचा दगड येतो मुख्यतः कुमामोतोतल्या आमाकुसाहून. वाटेत तोझान देवळाची १८८८ सालची पोर्सेलिनची कमान लागते. देवाकडे जाताना मध्येच रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात.

मग इनोउए मान्जींच्या भट्टीचं दालन. १९२९ साली आरितातच जन्मलेल्या इनोउएंना पांढऱ्या पोर्सेलिनसाठी १९९५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा जपान सरकारचा कलावंतांसाठीचा मान मिळाला. एका गोल कुंभापुढे मी बराच वेळ उभा होतो. खांद्यावरून उजेड घरंगळत पोटापर्यंत येतो आणि सावली नेमकी कुठे सुरू झाली ते काही केल्या सापडत नाही. पांढऱ्यातही निळसर झाक आहे. भट्टीत हवा कमी ठेवली की झिलईतलं किंचितसं लोह असा रंग देतं.

पोर्सेलिनची माती मोठी हट्टी. तिला चिकटपणा कमी, म्हणून इथले कुंभार ‘हेरा’ नावाच्या लाकडी पट्टीनं दाबत दाबत चाकावर भिंत चढवतात. पुढे १३०० अंशांच्या आसपास भांडं आक्रसतं, मऊ पडतं आणि चाकावर बसलेला पीळ पुन्हा उफाळून येतो. नक्षी असती तर तो झाकला तरी असता.

बाकीच्या जपानी कुंभारांनी मातीच्या या हट्टाशी वेगवेगळे सौदे केलेत. तोत्तोरीचे माएता आकिहिरो चाकावरच्या गोल भांड्याला पैलू पाडतात. सेतोचे नागाए शिगेकाझु साच्यात घडवलेल्या पातळ भिंती भट्टीतच वाकू देतात, म्हणजे शेवटचा आकार आगीवर सोडून मोकळे! क्योतोचे फुकामी सुएहारु तर रबडीसारखी पातळ माती दाबानं साच्यात भरून पात्यासारखे आकार काढतात. त्या आकारांत काही ठेवायची सोयच नाही. फुकामींचं कसब थक्क करणारं आहे, पण माझं मन रमतं ते तोंड असलेल्या भांड्यात. पोकळी आत असली की बाहेरच्या रेषेला ताण येतो, असं आपलं माझं मत.

जाणार असाल तर क्यूशू सिरॅमिक संग्रहालय चुकवू नका; कायमच्या दालनांना तिकीट नाही, सोमवारी मात्र बंद. २९ एप्रिल ते ५ मे इथे भांड्यांची मोठी जत्रा भरते. स्वस्तात कप-बशा हव्या असतील तर तेव्हा जा. पांढरं बघायचं असेल तर अजिबात नको.