कळशीवरचं नाव

"मरण मुंबईला ना? मग नोंदही तिथंच. इथल्या रजिस्टरात कशी सापडेल?"

ग्रामसेवक नीटच बोलले. तरी घरापर्यंतची घाटी चढताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

ज्यांच्या मृत्यूची नोंद शोधतोय, ते आजोबांचे थोरले भाऊ मुंबईला गिरणीत होते. तेव्हा एका इंजिनावर अख्खं खातं चालायचं; छताखाली फिरणाऱ्या शाफ्टवरून प्रत्येक यंत्रावर चामड्याचा पट्टा उतरायचा. त्या पट्ट्यात सदऱ्याची बाही अडकली. वय २२.

संध्याकाळी आत्येनं पितळेची कळशी पुढे केली. "थोरल्या काकांनी पहिल्या पगारातून धाडलेली." ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. त्यांचं नाही, त्यांच्या आईचं. चिंचेनं घासून घासून शेवटचं अक्षर गेलंय. मी कितीतरी वेळ त्यावर बोट फिरवत बसलो.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, लागू १ जुलै १९२४ पासून. मृत्यूची भरपाई मालकानं त्या कायद्याखालच्या आयुक्तांकडे जमा करायची, अशी त्यात तरतूद होती. ते गेले त्यानंतरच. मग एखाद्या पिवळ्या कागदावर पणजीचा अंगठा उठलेला असेल का? पुढच्या महिन्यात मुंबईला जाऊन शोधणार आहे.

तुमच्या माळ्यावरच्या भांड्यांवर कुणाची नावं आहेत?